कलाहारीच्या कोरड्या नद्यांत : कगालागादी सफारीची तयारी आणि प्रवास

दक्षिण आफ्रिका आणि बोत्सवाना यांच्या सीमेवरच्या कगालागादी अभयारण्यात स्वतः गाडी चालवत जायचं आम्ही ठरवलं, तेव्हा सगळ्यात जास्त वेळ गेला तो काय आधी करायचं आणि काय नंतर हे समजून घेण्यात. टूर कंपनीबरोबर गेलं तर हा प्रश्न येत नाही. पण कगालागादीला नेणाऱ्या टूर आपल्याकडे जवळजवळ नाहीतच, आणि ज्या आहेत त्यांचे दर आम्हाला झेपणारे नव्हते. ताई आणि मी, दोघी पन्नाशी ओलांडलेल्या. ताई बँकेतून निवृत्त झालेली, मी कॉलेजात शिकवते. आम्ही हे सगळं घरी बसून, फोन आणि लॅपटॉपवर जमवलं. ज्यांना जायचं आहे पण सुरुवात कुठून करावी हे कळत नाही, त्यांच्यासाठी क्रमाने लिहिते आहे.

जायचं कारण चित्ता. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते कुनोला आले. ताई त्या बातम्या रोज वाचायची. एक दिवस म्हणाली, "अगं, ते इथे रुळतील तेव्हा रुळतील. आपण त्यांच्याच मुलखात जाऊन बघून येऊ या का?" आम्ही नागपूरच्या. ताडोबा, पेंच, उमरेड हे लहानपणापासूनचं. जंगल म्हटलं की साग, बांबू, पाणवठा, जिप्सी आणि शेजारी गाइड. चित्त्याला मात्र उघडी, कोरडी जमीन लागते, आणि ती बघायची तर कलाहारीसारखी जागा नाही.

नामिबियातलं एतोशा, बोत्सवानातलं सेंट्रल कलाहारी आणि हे कगालागादी असे तीन पर्याय होते. कगालागादी निवडलं कारण तिथे राहायच्या जागा राष्ट्रीय उद्यानाच्या स्वतःच्या आहेत, दर ठरलेले आहेत, मुख्य रस्ते दोन नद्यांच्या पात्रांतून जातात त्यामुळे वाट चुकायची भीती नाही, आणि दक्षिण आफ्रिकेत आपल्यासारखीच गाडी डावीकडून चालवतात. मलेरियाचा धोकाही दक्षिण आफ्रिकेतल्याच क्रुगर उद्यानाच्या मानाने कमी आहे. तरी आपल्या डॉक्टरांना विचारूनच जावं, विशेषतः पावसानंतरच्या दिवसांत जाणार असाल तर.

जागेबद्दल थोडं सांगते, कारण आखणी त्यावरच ठरते. दक्षिण आफ्रिकेच्या बाजूचं कलाहारी गेम्सबॉक उद्यान १९३१ मधलं. त्याला बोत्सवानाच्या बाजूचं गेम्सबॉक उद्यान जोडून मे २००० मध्ये दोन्ही देशांच्या राष्ट्राध्यक्षांनी हे एकत्रित अभयारण्य खुलं केलं. क्षेत्रफळ सुमारे ३८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दहापट. त्यातला तीन चतुर्थांश भाग बोत्सवानात आहे. मध्ये कुंपण नाही. नोसोब नदीच्या पात्रात जागोजागी सीमेचे पांढरे दगड दिसतात, तेवढंच. वर्षाला पाऊस सरासरी दोनशे मिलिमीटरच्या आसपास. नोसोब आणि औब या दोन नद्या नकाशावर निळ्या दिसतात, पण त्यांत पाणी नसतं. औब चांगल्या पावसाच्या वर्षी थोडी वाहते, नोसोब तर कित्येक दशकांतून एखाद्या वेळी. जनावरं जगतात ती पात्रातल्या गवतावर, झाडांवर आणि माणसाने खोदलेल्या विंधनविहिरींवर. औबच्या पात्रातल्या विहिरी १९१४ च्या सुमाराच्या. पलीकडच्या जर्मन वसाहतीवर (आजच्या नामिबियावर) चाल करून जाणाऱ्या दक्षिण आफ्रिकी फौजेला पाणी मिळावं म्हणून त्या खोदल्या आणि त्यांवर राखणदार बसवले. आज त्याच विहिरींचे पाणवठे झाले आहेत. राखणदाराचं एक दगडी घर ऑक्टरलोनी इथे जपून ठेवलं आहे, ते जरूर बघा.

आता महिना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पारा चाळिशीच्या वर जातो. जून-जुलैत दिवसा छान ऊन, पण रात्री पारा शून्याखाली. पाऊस पडलाच तर जानेवारी ते एप्रिल. आम्ही मे महिना घेतला. पावसानंतरचं गवत पात्रात अजून उरलेलं असतं म्हणून हरणं खाली असतात, आणि थंडी सोसवण्याजोगी असते. शिवाय तिथल्या शाळांच्या सुट्ट्या मेच्या मध्यात नसतात. हे महत्त्वाचं आहे, कारण सुट्टीच्या आठवड्यांत एकही खोली मिळत नाही.

सगळ्यात पहिलं काम उद्यानातल्या मुक्कामाचं. विमान, व्हिसा, गाडी हे सगळं त्याच्या मागून. दक्षिण आफ्रिकी राष्ट्रीय उद्यानांचं बुकिंग अकरा महिने आधी उघडतं. मे २०२४ साठी आम्ही जून २०२३ मध्ये बसलो. तीन मोठे कॅम्प आहेत : दक्षिणेला प्रवेशद्वाराशी ट्वी रिव्हिरेन, नोसोब नदीवर नोसोब, आणि औब नदीवर नामिबियाच्या सीमेला लागून माता-माता. या तिन्हींना कुंपण आहे, दुकान आहे, पेट्रोल-डिझेल मिळतं. शिवाय छोटे रानातले कॅम्प आहेत : कीलीक्रांकी, उरिकारूस, बिटरपान, ग्रूटकोल्क, घारागाब. त्यांना कुंपण नाही. चार-दोन खोल्या, समोर एक पाणवठा, आणि उद्यानाचा एक कर्मचारी. बारा वर्षांखालच्या मुलांना तिथे घेत नाहीत. पिण्याचं पाणी आणि सरपण आपलं आपण न्यायचं. बिटरपान आणि घारागाबला फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी गाडीच लागते. कीलीक्रांकी आणि उरिकारूसला साधी गाडीही जाते.

हे छोटे कॅम्प उघडल्या उघडल्या भरतात. आम्हाला उरिकारूस हवं होतं, ते पहिल्या दिवशी मिळालं नाही. मग ताईने रोज सकाळी चहाबरोबर साइट उघडून बघायचा नेम धरला. लोक रद्द करतात तशा खोल्या परत दिसू लागतात. ऑगस्टच्या शेवटी दोन लागोपाठच्या रात्री मोकळ्या दिसल्या आणि तिने त्या तिथल्या तिथे घेतल्या. त्याप्रमाणे बाकीच्या रात्री मागेपुढे केल्या. तारखा हलवण्याची ही सवलत बुकिंग ऑफिसला ईमेल करून मिळाली, उत्तर यायला चार-पाच दिवस लागले. रद्द केल्यास किती आधी केलं त्यावर किती पैसे कापतात ते ठरतं. व्हिसा मिळायच्या आधी पैसे गुंतवायचे असल्यामुळे हा नियम आधी नीट वाचा.

पैसे भरताना आमच्या बँकेचं कार्ड सारखं नाकारलं जात होतं. परदेशी व्यवहार ॲपमध्ये चालू केलेले होते, मर्यादाही पुरेशी होती. शेवटी ताईचं दुसऱ्या बँकेचं क्रेडिट कार्ड चाललं. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं तयार ठेवा, कारण तीच परिस्थिती पुढे गाडी घेतानाही येते.

मुक्कामांचा क्रम लावताना अंतराकडे बघू नका, वेळाकडे बघा. आत वेगमर्यादा ताशी पन्नास किलोमीटर आहे आणि खडबडीत, पन्हाळी पत्र्यासारख्या रस्त्यावर तेवढाही वेग नेहमी धरता येत नाही. ट्वी रिव्हिरेन ते माता-माता साधारण १२० किलोमीटर, म्हणजे न थांबता अडीच-तीन तास. ट्वी रिव्हिरेन ते नोसोब १६० किलोमीटर, चार तास धरा. प्राणी दिसल्यावर थांबणार तर पूर्ण दिवस. कॅम्पची दारं सूर्याप्रमाणे उघडतात आणि मिटतात, वेळ महिन्यागणिक बदलते, आणि अंधार पडायच्या आत पोचावंच लागतं. आमचा क्रम असा लागला : पहिली रात्र ट्वी रिव्हिरेन, मग कीलीक्रांकी, मग उरिकारूस, मग मधल्या टेकड्यांवरून नोसोबला, आणि परत ट्वी रिव्हिरेन. एका जागी निदान दोन रात्री असाव्यात हे माझं ठाम मत आहे. रोज मुक्काम हलवला तर सकाळची सोन्यासारखी वेळ सामान भरण्यात जाते.

दोन्ही देशांत फिरता येतं म्हणून दोन व्हिसे लागतात का, हा प्रश्न आम्हाला बरेच दिवस पडला होता. ज्या दाराने आत जाल त्याच दाराने त्याच देशात परत येणार असाल तर लागत नाहीत. माता-माताहून नामिबियात बाहेर पडायचं असेल तर उद्यानात किमान दोन रात्री राहावं लागतं, दक्षिण आफ्रिका सोडल्याचा शिक्का आधी ट्वी रिव्हिरेनला घ्यावा लागतो, आणि नामिबियाचा व्हिसा व गाडी सीमेपार नेण्याचं पत्र वेगळं. आम्ही तो फाटा टाळला.

व्हिसाचं काम आम्ही मार्च २०२४ मध्ये केलं. कागद असे जमवले : काळ्या शाईने भरलेला अर्ज, दोन कोरी पानं असलेला पासपोर्ट, फोटो, तीन महिन्यांचं बँकेच्या शिक्क्याचं खातेउतार, आयकर विवरण, ताईचं पेन्शनचं पत्र, माझं कॉलेजचं ना-हरकत पत्र आणि रजा मंजुरी, विमानाचं आरक्षण, प्रवास विमा, आणि उद्यानाच्या बुकिंगची पत्रं. याला जोडून मी एक पानाचं पत्र लिहिलं : कोणत्या तारखेला कुठे मुक्काम, गाडी कोण चालवणार, खर्च कोण करणार. दोन बायका भाड्याच्या गाडीने वाळवंटात का चालल्या आहेत, हे कुणाला विचारावंच लागू नये म्हणून. मुंबईच्या केंद्रावर अपॉइंटमेंट होती. विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी पोचलो, काम उरकून संध्याकाळच्या गाडीने परत. काउंटरवरच्या मुलीने खातेउताराच्या प्रत्येक पानावर शिक्का आहे की नाही हे एकेक पान उलटून बघितलं. आमचं बरोबर होतं. शेजारच्या काउंटरवरच्या गृहस्थांच्या शेवटच्या दोन पानांवर शिक्का नव्हता, त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं.

मग वाट बघणं. तीन आठवडे काहीच कळलं नाही. ट्रॅकिंगवर तेच एक वाक्य. तेवढ्या दिवसांत मी कितीदा मोबाइल बघितला असेल! विमानाचे पैसे गेलेले, उद्यानाचे गेलेले, आणि पासपोर्ट हातात नाही. चौथ्या आठवड्यात पासपोर्ट कुरियरने घरी आला. व्हिसावरचं नाव, पासपोर्ट क्रमांक आणि तारखा तिथल्या तिथे तपासा. निघायच्या निदान आठ आठवडे आधी अर्ज करा असं मी सांगेन. आता दक्षिण आफ्रिका ऑनलाइन परवानगीची नवी पद्धत आणते आहे, तेव्हा निघण्याआधी ताजे नियम बघून घ्या. बरोबर लहान मुलं असतील तर जन्मदाखल्याचे नियम तिथे वेगळे आहेत, तेही बघा.

विमान ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. स्वस्त तिकिटं पुष्कळदा अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असतात. हे दोन्ही देश पीतज्वराच्या यादीत आहेत. तिथल्या विमानतळावर बारा तासांहून जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिका लसीचा दाखला मागते, आणि भारतात परततानाही प्रश्न येऊ शकतो. लस घेतली तर दाखला दहा दिवसांनंतर लागू होतो आणि तो आयुष्यभर चालतो, पण लसीची तारीख मिळणं हेच एक काम होऊन बसतं. आम्ही थोडे जास्त पैसे देऊन आखाती मार्गाने गेलो आणि हा विषयच मिटवला. मुंबई ते जोहान्सबर्ग येऊन-जाऊन माणशी पंचावन्न हजार रुपये पडले. जोहान्सबर्गहून अपिंग्टनला एअरलिंकचं छोटं विमान जातं, त्याचे वेगळे वीस हजारांच्या घरात.

गाडी चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून घेतला. सारथी पोर्टलवर अर्ज, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती, हजार रुपयांच्या आसपास शुल्क, मुदत एक वर्ष. आम्ही व्हिसा हातात आल्यावरच हे केलं, म्हणून एप्रिलचा शेवटचा आठवडा त्यात गेला. मूळ परवाना बरोबर हवाच, हा त्याला जोड म्हणून.

गाडी अपिंग्टन विमानतळावरून घेतली : दुहेरी केबिनची फोर बाय फोर, दोन जादा टायर. दिवसाला अठराशे रँड, तेव्हा एक रँड साडेचार रुपयांच्या आसपास होता. मुख्य रस्त्यांसाठी फोर बाय फोर लागतेच असं नाही, पण उंच गाडी मात्र हवीच. उंचीमुळे गवतापलीकडचंही दिसतं. करारातल्या बारीक अक्षरांत बघायच्या गोष्टी : टायर, काच आणि गाडीचा तळ विम्यात आहे का, जादा विमा किती, आणि अनामत कोणत्या कार्डावर अडकवतात. अनामतीसाठी मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागितलं, डेबिट कार्ड घेतलं नाही. ताई मुख्य चालक होती आणि कार्ड तिचंच होतं. दुसऱ्या चालकाचे थोडे जास्त पैसे देऊन माझंही नाव घातलं. चार तास सलग एकटीने चालवणं कठीण आहे.

१० मेच्या सुमारास निघालो. जोहान्सबर्ग विमानतळावर सिमकार्ड घेतलं, त्याला पासपोर्ट दाखवून नोंद करावी लागते. एक रात्र विमानतळाजवळच्या गेस्टहाउसात काढली, दुसऱ्या दिवशी अपिंग्टन. ऑरेंज नदीकाठचं हे गाव द्राक्षांचं आणि बेदाण्याचं. सुपरमार्केटात किलोकिलोच्या बेदाण्याच्या पिशव्या बघून ताई म्हणाली, "हे तर तासगावच निघालं की!" विजेच्या खांबांवर २९ मेच्या निवडणुकीची पोस्टर्स लागली होती.

अपिंग्टनमध्ये आमचा अर्धा दिवस खरेदीत गेला आणि तो सार्थकी लागला. पाणी : माणशी रोज पाच लिटर धरून, वर दोन दिवसांचं जास्तीचं, पाच-पाच लिटरच्या कॅनमध्ये. नोसोबचं पाणी खारवट लागतं, त्याचा चहाही बिघडतो. तांदूळ, मसूर, कांदे, बटाटे, टोमॅटो, अंडी, ब्रेड, दूध पावडर, फळं सगळं मिळालं. आम्ही नागपूरहून बंद डब्यात शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि भाजलेला रवा नेला होता. कच्चं धान्य, बी-बियाणं नेलं नाही, आणि जे होतं ते कस्टमला सांगितलं. सरपणाच्या पिशव्या, काडेपेटी, टॉर्चचे सेल, टायरमधली हवा मोजायचं यंत्र आणि छोटा कॉम्प्रेसर गाडी देणाऱ्यांकडून.

अपिंग्टन ते उद्यानाचं दार अडीचशे किलोमीटर, सगळा डांबरी रस्ता. वाटेत अस्कमला टाकी पुन्हा भरली. उजवीडावीकडे लाल वाळूच्या लाटा, आणि टेलिफोनच्या खांबांवर गवताच्या गंजीएवढी घरटी. सोशिएबल वीव्हर या छोट्या पाखरांची ती सामायिक घरटी, एकेकात शंभराहून जास्त पाखरं राहतात.

ट्वी रिव्हिरेनला काउंटरवर बुकिंगची पत्रं, पासपोर्ट आणि प्रवेशशुल्क. परदेशी पाहुण्याला तेव्हा रोजचे चारशे रँडच्या पुढे पडायचे. मुक्काम आठवडाभराचा किंवा जास्त असला तर उद्यानांचं वार्षिक वाइल्ड कार्ड तेव्हा दोघांसाठी स्वस्त पडायचं, आम्ही तेच घेतलं होतं. रानातल्या कॅम्पांची नोंदही इथेच करायची. बाहेर पडताना रोज परवाना घ्यायचा आणि संध्याकाळी परत द्यायचा, म्हणजे कोण आलं नाही हे त्यांना कळतं. मोबाइलला रेंज आम्हाला फक्त याच कॅम्पला मिळाली. घरी सांगून टाकलं की आता आठवडाभर फोन लागणार नाही, काळजी करू नका. दारातच टायरची हवा कमी केली, दीड बारच्या वर थोडी. त्याने गाडीचा थरथराट एकदम निवतो आणि टायर फुटायची भीती कमी होते.

ताडोबाची सवय असलेल्या माणसाला पहिला दिवस अवघड जातो. गाइड नाही, वानरांचा खर्रर्र आवाज नाही, समोरून येणारा जिप्सीवाला "तिकडे बसलीय" असं सांगत नाही. मैलोन्मैल पिवळं गवत, लाल टेकड्या, काळपट बाभळीच्या कुळातली मोठी झाडं, आणि गेम्सबॉक, स्प्रिंगबॉक ही तिथली हरणं. आम्ही पहिल्या सकाळी भराभर पुढे जात राहिलो. दुपारी कामक्वाच्या पिकनिकच्या जागेवर, जिथे गाडीतून उतरता येतं, एक म्हातारं आफ्रिकानर जोडपं कॉफी पीत बसलं होतं. आजोबांनी आम्हाला त्यांचा नकाशा दाखवला. त्यांनी सगळ्या पाणवठ्यांवर गोल केले होते आणि तिथे किती वेळ बसायचं ते लिहिलं होतं. ते दरवर्षी येतात. त्यांनी दिवसाला चाळीस किलोमीटरांहून जास्त जायचं नाही असं ठरवलं होतं. आम्ही त्या संध्याकाळपासून तेच केलं, आणि पुढचं सगळं त्यामुळे मिळालं.

कीलीक्रांकीची खोली लाल टेकडीच्या अंगात अर्धी रुतलेली आहे. रात्री समोरच्या पाणवठ्यावर तपकिरी तरस आलं, लांब आयाळीचं. बाहेर जेवण शिजवताना टॉर्च सतत फिरवावा लागतो, कुंपण नसल्यामुळे. अंधारात बूट घालूनच चालायचं, तिथले विंचू विषारी आहेत. मेमध्ये रात्री कडाक्याची थंडी होती, थर्मल, कानटोपी आणि गरम पाण्याची पिशवी तिन्ही कामाला आली.

उरिकारूसच्या खोल्या औबच्या काठावर खांबांवर उभ्या आहेत. तिथून थोडं दक्षिणेला, सकाळी आठ-साडेआठला, ताईनेच आधी पाहिलं. एका झाडाच्या सावलीत चित्त्याची मादी आणि तिची तीन मोठी पिल्लं. गाडी बंद केली. अडीच तास ती तशीच होती. मग पात्रात स्प्रिंगबॉकचा कळप उतरला आणि ती उठली. मान खाली, खांदे वर, एक पाऊल आणि थांबणं. मला वाटत होतं ती लगेच धावेल. तिने वीसएक मिनिटं नुसतं जवळ सरकण्यात घालवली, आणि मग एका पिल्लाला राहवलं नाही, ते आधीच धावत सुटलं. कळप उधळला. ती बसली, पिल्लाकडे बघितलं, आणि त्याचं तोंड चाटू लागली. ताईच्या डोळ्यांत पाणी होतं. मी फोटो फार काढले नाहीत, दुर्बीण डोळ्यांवरून खाली घ्यावीशी वाटेना.

उरिकारूसहून टेकड्यांवरच्या रस्त्याने नोसोबच्या पात्रात उतरलो. हा रस्ता झोक्यासारखा वरखाली जातो, चढावर समोरून गाडी येते आहे का ते दिसत नाही, म्हणून हॉर्न आणि हळू. नोसोबला पाणवठ्याशी लपून बसायची खोली आहे, रात्री दिवा असतो. उद्यानाच्या उघड्या गाडीतून संध्याकाळची फेरीही घेतली. त्यात वटवाघळासारख्या मोठ्या कानांचे खोकड आणि रानमांजर दिसलं. या फेरीचं बुकिंग पोचल्याबरोबर करा, जागा थोड्या असतात.

नोसोबच्या उत्तरेला क्युबित्ये क्वाप नावाचा पाणवठा आहे. सकाळी नऊच्या सुमारास तिथे पखुर्ड्या (सँडग्राउस) हे कबुतरासारखे पक्षी येतात. आधी दुरून आवाज, मग थवे, मग एकदम शेकडो. त्यातले नर पाण्यात पोट बुडवून अंग हलवतात, पिसांत पाणी मुरवतात आणि उडून जातात. कित्येक किलोमीटरवर उघड्या जमिनीवर असलेल्या पिल्लांना ते पाणी पिसांतून पाजतात. दोन कोल्हे काठाशी मातीला चिकटून बसलेले. एकाने हवेत उसळी घेतली आणि एक पाखरू धरलं. बाकीचे क्षणभर उडाले आणि पुन्हा उतरले, कारण पाणी तेवढंच होतं.

काळ्या आयाळीचा सिंह परतीच्या वाटेवर, रूईपुट्सजवळ भर रस्त्यात झोपलेला भेटला. आम्ही तासभर थांबलो, तो उठला, गाडीच्या बॉनेटला घासून गेला.

ट्वी रिव्हिरेनला टायरमध्ये पुन्हा हवा भरली, परवाना दिला, दुकानातून घरी फोन केला. अपिंग्टनला गाडी परत करताना त्यांनी काचेवरचे बारीक ओरखडे, तळ आणि टायर बराच वेळ तपासले. निघताना काढलेले गाडीचे सगळ्या बाजूंचे फोटो ताईने दाखवले आणि काही कापलं गेलं नाही. अनामत खात्यात सुटायला मात्र दोन आठवडे लागले.

दोघींचा मिळून खर्च सव्वाचार लाखांच्या आसपास झाला. त्यात सर्वांत मोठा वाटा विमानाचा, त्याखालोखाल गाडी आणि डिझेलचा. उद्यानातल्या खोल्या त्या मानाने स्वस्त, रानातल्या कॅम्पची एक रात्र दोघींना मिळून तेव्हा दोन हजार रँडच्या आसपास पडली, मोठ्या कॅम्पची त्याहून कमी. तंबू लावून राहिलात तर आणखी बराच फरक पडेल. चौघं गेले तर गाडीचा खर्च अर्ध्यावर येतो आणि तीच गाडी चौघांना पुरते, फक्त पाण्याचे कॅन मागे उघड्या डब्यात, ताडपत्रीखाली बांधून ठेवावे लागतील. पुढच्या मे महिन्यात जायचं असेल तर खोल्या जूनमध्ये खुल्या होतात, त्याआधी दोन कार्डं आणि तीन पर्यायी तारखा कागदावर लिहून तयार ठेवा.